टाकी कधी भरलीच नाही

वारूळवाडी,
२० मार्च २०२५

चि. डिंपल,

जय जिनेंद्र. तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. पप्पा दुकानात जाऊन बसतात, गिऱ्हाईक आलं की उठतात. तुझा भाऊ पीयूष वाढलं तेवढंच जेवतो. भांड्यांना येणारी बयाबाई रोज विचारते, "लेक बाळंतपणाला कधी येनार?" मी म्हणते, येईल की.

तुझी हर्षावहिनी गेली तेव्हा तू आलीस आणि जाताना आपल्या विहिरीच्या पाण्याचा कॅन नेलास. काल फोनवर मी म्हणाले, तो ओतून दे. तू म्हणालीस, "का गं? इथल्या पाण्यात डाळ शिजत नाही." समोर पीयूष बसला होता, म्हणून फोन ठेवला. रागावू नको. पप्पा उद्या संगमनेरला येतायत, त्यांच्या हाती हे देते.

परसातली संडासाची टाकी बांधली तेव्हा गवंडी म्हणाला होता, "शेठ, तळ कच्चाच ठेवू. जन्मात भरायची न्हाई." खरंच नाही भरली. आळीत सगळ्यांकडे टाकी उपसायला गाडी येते, आपल्याकडे नाही, याचं पप्पांना लई कौतुक. जातं कुठं, हे कुणी विचारलंच नाही.

हर्षा गेल्यावर आरोग्य केंद्रातले सुनीलभाऊ आले. त्यांनी संडासात हिरवा रंग ओतला. म्हणाले, "काकू, विहिरीवर लक्ष ठेवा." दोन-तीन दिवस काही नाही. मग एका सकाळी पाणी गाळायला घेतलं आणि माझं पांढरं फडकं हिरवं झालं. मी ते तसंच उलटं करून खंगाळलं आणि जिवाणी विहिरीत परत सोडली, फडक्यावरचे जीव मरू नयेत म्हणून रोज सोडायची तशी. हात आपला सवयीनं चालला. मग पायरीवर बसले.

डॉक्टर म्हणाले होते, हर्षाची कावीळ पाण्यातून आली, पोटुशीला ती झेपत नाही. पीयूषला नुसता ताप आला. मला काहीच झालं नाही. माझं उकळलेल्या पाण्याचं व्रत आहे ना.

हर्षानं एकदा विचारलं होतं, "मम्मी, मीपण तुमचंच पाणी पिऊ का?" मी म्हटलं, "व्रतं म्हातारपणी गं. कोमट पाण्यानं तुला मळमळेल. तू माठातलं गार पी." वर रोज झोपताना तांब्या भरून मीच तिच्या उशाशी ठेवायची.

हे पीयूषला सांगितलेलं नाही. तुला पहिल्यांदा सांगते आहे. रडू येईल असं वाटलं होतं, येत नाही. भाजी निवडते, कपडे वाळत घालते.

विहीर बंद केली आहे, टँकर येतो. टाकी पक्की करू म्हणतात. करू देत. तू मात्र येऊ नकोस. पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही, असं लोक म्हणतील. म्हणू देत. मीच तिकडे येते. पत्र वाचलंस की आधी डॉक्टरांकडे जा, कॅनमधलं पाणी प्यालीस हे सांग, रक्त तपासून घे. लाजू नकोस.

मी पोचेपर्यंत पाणी उकळून पी. व्रत म्हणून नाही. मी सांगते म्हणून.

तुझी, आणि हर्षाचीही,
मम्मी