टाकीचा चढ आणि मोटरची सायकल

६ फेब्रुवारी

घेतली! मोटरची, पण दिसायला शर्यतीची – बारीक चाकं, खाली वळलेलं हँडल, बॅटरी नळीतच दडवलेली. लांबून कुणाला पत्ता लागणार नाही. नणंदेला मात्र लागलाच. "वहिनी, मग स्कूटरच घ्यायची ना!" म्हटलं, स्कूटरला पाय मारावे लागत नाहीत, हिला लागतात. तिला पटलं नाही. न पटो.

लग्न झाल्यापासून दर रविवारी पाण्याच्या टाकीचा चढ, आणि दर रविवारी नवरा पुढे, मी मागे. प्रत्येक वळणावर हा कठड्याला टेकून उभा. "सावकाश ये गं, मला काही घाई नाही." ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. आता टाकीपर्यंत याच्या बरोबरीने, मध्ये न थांबता जायचं. बस्स!

७ फेब्रुवारी

पायडल मारलं की कुणीतरी पाठीवर हात ठेवून अलगद ढकलतं. एकटीच हसत सुटले. जोराच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत आवाजसुद्धा नाही, तिसरीत गुणगुणते.

९ फेब्रुवारी

कामावर हिच्यावरूनच गेले. तक्रारी आहेतच – सपाट रस्त्यावर वेग वाढला की मोटर आपोआप गप्प बसते, आणि मग हिचं वजन कळतं. तिथे माझी जुनी सायकल बरी. खड्ड्यात मनगटं झणझणतात. पण पुलाचा चढ! दुधाच्या टेम्पोला मागे टाकलं. एक्स-रेच्या खोलीत दिवसभर "श्वास घ्या, रोखा, सोडा" म्हणत होते, तेही आज चालीत निघत होतं.

११ फेब्रुवारी, रविवार

बरोबरीने चढले! पहिल्या वळणावर हा सवयीने थांबायला गेला. "चल की, मी आहे ना बरोबर!" दुसऱ्या वळणावर म्हणतो, "पाणी पिऊ या का?" म्हटलं, वर पिऊ. टाकीपाशी हा बराच वेळ हँडलवर वाकून उभा.

"काय साहेब, दमलात?"

"छे! तू मोटर लावून जिंकतेस आणि वर मलाच विचारतेस."

घरी येऊन न जेवताच झोपला. रुसलाय. रुसू दे!

१५ फेब्रुवारी

हा म्हणतो, या रविवारी नदीकाठचा सपाट रस्ता घेऊ. मुळीच नाही. टाकी म्हणजे टाकी.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज झोप येणार नाही. लिहिते.

तिसऱ्या वळणावर मी पुढे होते – पहिल्यांदाच. ऐटीत मागे पाहिलं, तर याची सायकल रस्त्यावर आडवी. सायकलला ओरखडा पडला तर दोन दिवस न बोलणारा माणूस! हा कठड्यावर बसलेला, हात छातीवर, चेहरा राखेसारखा.

"काही नाही गं. होतं असं."

"असं म्हणजे? कधीपासून?"

"दोनेक वर्षं. वळणावर जरा थांबलो की जातं."

"आणि मला सांगायचास, तुझ्यासाठी थांबतो म्हणून!"

"तुझ्यासाठी पण थांबायचो."

इतकी चिडले की त्याच रस्त्यावर ओरडले त्याच्यावर. मग रडले. मग येणारी पहिली गाडी हात करून अडवली. दोन्ही सायकली गाडीत मागे टाकल्या आणि तडक आमच्याच दवाखान्यात. मी दिवसभर लोकांच्या छातीचे फोटो काढते, आणि हा माझ्या नाकासमोर छाती धरून चढ चढत होता! मी मोटर आणली आणि याची विश्रांतीच काढून घेतली.

२० फेब्रुवारी

हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आणलंत." हा खोलीत आणल्या आणल्या म्हणतो, "कुणाला सांगू नकोस हं." सगळ्यात आधी नणंदेला सांगितलं. आता भोग!

२३ मार्च

कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत गेला, आला. उद्या त्यापुढे. कुरकुरला तरी नेणार.

२८ एप्रिल, रविवार

डॉक्टरीणबाईंनी चढाला परवानगी दिली – मोटर असेल तरच. सकाळी हा उठायच्या आत नव्या सायकलची सीट चार बोटं वर केली, आणि माझ्या जुन्या सायकलीत हवा भरली.