दहापैकी किती?

३ फेब्रुवारी, सकाळी आठ
आजपासून घरोघरी सर्व्हे. आयुष्यात तुम्ही किती समाधानी, शून्य ते दहा? वय, बाई की पुरुष, आकडा, कारण. संपलं. पस्तीस वर्षं पेपर तपासलेत, रिटायर झालो म्हणून काय झालं! सुपरवायझरची जागा रिकामी आहे. मलाच मिळणार.

५ फेब्रुवारी
लोकांना स्वतःचं सुखही मोजता येत नाही. इस्त्रीवाला, वय ५२, गुडघे कामातून गेलेले, म्हणतो नऊ. कसले नऊ? चार दिले. बँकवाली बाई, वय ३४, दाराशी गाडी, म्हणते तीन. नुसते नखरे. सात केले. निश्चय : यापुढे शहानिशा केल्याशिवाय कुणाचाही आकडा लिहायचा नाही.

८ फेब्रुवारी, दुपार
कॉलेजातली मुलगी, वय १९. सात म्हणाली. वर मलाच विचारते, काका, तुमचे किती? आगाऊ कार्टी. दोन मार्क कापले.

१२ फेब्रुवारी
पन्नाशीच्या गटात एक बाई कमी पडत होती. आमची ही स्वयंपाकघरातच होती. आता बायकोला काय विचारायचं? दहा लिहिले. कारण : सुखी संसार. तिला दाखवायचं राहिलं. दाखवून तरी काय, तिला तिचा चष्मा सापडेल तर ना.

१६ फेब्रुवारी
ऑफिसातून काही घरी फोन करून आकडे पडताळतायत म्हणे. खुशाल पडताळा. सुपरवायझर म्हणून करायच्या भाषणाचे मुद्दे काढले. नवा शर्ट शिवायला टाकला.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
साहेबांनी बोलावलं. साहेब कसला, माझ्या मुलापेक्षा लहान. म्हणाला, अकरा घरी फोन केले, दहा घरचे आकडे भलतेच निघाले. निघणारच, मी तपासून दिलेत! अकरावं घर माझंच. बायकोने नऊ सांगितले होते. माझे दहा, तिचे नऊ. मी टेबलावर थाप मारली. मग त्याने तिचं कारण वाचून दाखवलं : 'गेले पंधरा दिवस हे दिवसभर बाहेर असतात.'

ओळखपत्र ठेवून घेतलं. उद्यापासून येऊ नका म्हणाला.

घरी येऊन सांगितलं. का काढलं, कुणी काढलं, हिने काही विचारलं नाही. म्हणजे उद्यापासून घरीच का, एवढंच विचारलं. हो म्हणालो. मग भाजी निवडत बसली. शेवटी मीच विचारलं, आता किती?

दोन म्हणाली. फार वाईट वाटलं. वाढवून मागायचा धीर झाला नाही.