जावईबापूंचा निरोप समारंभ

तीर्थरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनातल्या मनात घातला आहे. कमरेत उसण भरली आहे, कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं आईकडून कळलं. आता त्यांना स्वच्छ दिसत असेल, तेव्हा जावयाकडेही एकदा नीट बघून घ्यायला सांगा. इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे तुमचे जावई मजेत आहेत आणि बाकीचे आम्ही आहोत.

मामा, गेल्या वर्षी तुम्ही फोनवर म्हणालात, "अगं, तू एचआरमध्ये आहेस, माणसं घेणं तुझ्याच हातात. आमच्या जावयाला कुठेतरी चिकटव." तुमचा शब्द मी कधी मोडलाय? चिकटवलं. रोज अकराला येतात आणि वाटेत भेटेल त्याला वक्तशीरपणावर दोन शब्द ऐकवतात. कुणी कुणालाही ईमेल करो, यांचं "छान, असंच चालू द्या" सगळ्यांना जातं. (हिशेबनीसाने कावीळ झाल्याचं कळवलं होतं, त्यालाही हेच गेलं.) जेवण झालं की फायलींच्या कपाटाआड डुलकी. एकदा मी हलवून उठवलं, तर चोराच्या उलट्या बोंबा, माझ्याविरुद्ध मानसिक छळाची लेखी तक्रार! आता तक्रार घेणार एचआर, म्हणजे मी. चौकशी करणार मी, आणि आरोपीही मीच. चौकशीअंती मी स्वतःला कडक समज दिली. तुम्हाला कळवलं नाही, कारण आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आता आमच्या ऑफिसातली एक रीत सांगते, म्हणजे पुढचं रामायण कळेल. आमचे साहेब फार मऊ मनाचे. (म्हणजे कुणाला वाईट सांगायची वेळ आली की त्यांच्या पोटात दुखतं आणि ते काम माझ्याकडे येतं.) "उद्यापासून येऊ नका" हे वाक्य काही त्यांच्या तोंडून निघत नाही. म्हणून नकोशा झालेल्या माणसाचा ते त्याला न सांगताच निरोप समारंभ ठेवतात. चहाच्या वेळी केक येतो, साहेब भाषण वाचतात, त्याच्या हातात भिंतीवरचं घड्याळ देतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. एवढं कौतुक झाल्यावर "पण मी राजीनामा दिलेलाच नाही" असं कुठल्या तोंडाने म्हणणार? बिचारा घड्याळ बगलेत मारून घरी जातो आणि राजीनामा पाठवून देतो. ही युक्ती कधी म्हणजे कधी फसली नव्हती. भाषण मी लिहिलेलं आहे. सगळ्यांना एकच, फक्त नाव बदलायचं. माणसं जोडणारा माणूस, यांच्यावाचून ऑफिस पोरकं होईल, यांची योग्यता आम्ही वेळेवर ओळखली नाही, वगैरे. जाणाऱ्याबद्दल चार शब्द बरे बोलायला आपलं काय जातं?

तर साहेबांनी जावईबापूंसाठी घड्याळ आणायला सांगितलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, थोडंच वाटलं. केक कापून झाला, भाषण झालं, घड्याळ दिलं. आणि जावईबापू डोळे पुसत उभे राहिले. म्हणाले, "तुमचा माझ्यावर इतका जीव आहे हे मला ठाऊकच नव्हतं! मी जाणार अशी आवई कुणीतरी उठवलेली दिसते. त्याला मी माफ केलं. असली माणसं सोडून मी कुठं जातोय?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. (सवयीने. घड्याळानंतर टाळ्या, एवढंच त्यांना माहीत.) बरं, घड्याळ तरी घरी न्यावं! शिपायाकडून खिळा ठोकून घेतला आणि आपल्या टेबलाच्या वरच टांगलं. म्हणे, दिवसभर तर मी इथेच असतो.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी देवाचे आभार मानले असते. पण नेमक्या त्या दिवशी कंपनीच्या मालकीणबाई आल्या होत्या. एरवी त्या फिरकत नाहीत. त्यांनी भाषण मन लावून ऐकलं आणि साहेबांना विचारलं, "इतका गुणी माणूस कोपऱ्यातल्या टेबलावर का?" साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. भाषण खोटं म्हणावं तर आजवरची सगळीच खोटी ठरतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी केककडे बघितलं. "माणसं जोडतो म्हणता ना," बाई म्हणाल्या, "मग एचआर त्याच्याकडेच द्या."

दिलं. मामा, तुमचे जावई आता माझे साहेब आहेत. माझी खोली त्यांची झाली, खुर्चीही त्यांचीच. मी झेरॉक्स मशीनशेजारी बिनपाठीच्या स्टुलावर बसते. (उसण तिथली.) पहिल्याच दिवशी बोलावून मला म्हणाले, "ताई, तुम्ही कामाला वाघ आहात हो, पण तुम्हाला माणसं जोडता येत नाहीत." माझंच वाक्य मलाच! इतकी वर्षं या लोकांच्या रजा, रुसवेफुगवे, एसीवरून होणारी भांडणं मी निस्तरली. त्या दिवशी मात्र बाथरूममध्ये जाऊन रडले. रागाने रडले, पण रडले.

आणि परवा दुकानदाराचा फोन आला, घड्याळ तयार आहे म्हणून. घड्याळाची ऑर्डर देण्याचं काम माझं, आणि मी तर कुणासाठीच दिलेली नाही. केक शुक्रवारी येणार आहे म्हणे. कुणाचा निरोप आहे असं चौघांना विचारलं, तर चौघंही माझ्याशी एकदम गोड बोलायला लागले. काल एकीने तर मला डब्यातलं अर्धं जेवण दिलं. धाकट्या लेकीचं शिक्षण अजून अर्ध्यावर आहे, आणि या वयात मला दुसरीकडे कोण उभं करतंय?

असो. तुम्ही वडीलधारी माणसं, तुमच्या कानावर घातलं की मन हलकं होतं, बाकी काही नाही. मामींना नमस्कार, बहिणीला आशीर्वाद. (तिचा नवरा मोठा साहेब झाला, आता तरी तिने नवी पर्स घ्यावी.)

तुमची लाडकी (एके काळची) भाची

ता. क. बाकी काही नाही असं वर लिहिलं ते खोटं आहे. मामा, जावयाला फोन करा. तो कुणाला भीत नसला तरी सासऱ्यासमोर मान खाली घालून बसतो, मी लग्नात पाहिलंय. "माझ्या भाचीला कुठेतरी चिकटव" एवढंच म्हणा. ज्या शब्दांत मला सांगितलंत त्याच शब्दांत.

आणखी ता. क. डुलकीचं वगैरे जे लिहिलं ते त्यांना कळू देऊ नका. तसे माणूस म्हणून ते फार चांगले आहेत. आणि फोन शुक्रवारच्या आधी करा.

शेवटचा ता. क. फोनवर माझ्याबद्दल चांगलं काय बोलायचं ते तुम्हाला ऐन वेळी सुचणार नाही, म्हणून निरोपाचं ते भाषण सोबत जोडलं आहे. नावाची जागा रिकामी ठेवली आहे. इतक्या वर्षांत माझं कौतुक कुणी केलं नाही, पण काल रात्री ते माझं नाव घालून मोठ्याने वाचलं, आणि मामा, मला तर ते सगळं खरंच वाटलं.