अगाफ्याला आणायचंय

२९ डिसेंबर, सकाळ. उणे एकावन्न.
उद्या पहाटे याकुत्स्क शहराला निघायचं. अगाफ्याला घेऊन एकतीसला घरी. नोव्हेंबरात मुलीच्या बाळंतपणाला गेली तेव्हा दारात उभी राहून म्हणाली होती, न्यायला आलास तर येईन, टॅक्सीत बसून एकटी येणार नाही. मी ‘बरं’ म्हणालो. कधी येऊ, ते विचारलं नाही. माणसानं उगाच मागे लागू नये.
गाडी एकदम तयार. थंडीत गोठू नये म्हणून ऑक्टोबरपासून इंजिन एकदाही बंद केलेलं नाही. वर नमद्याची गोधडी. शेजारच्या निकोनसारखं गरम गॅरेज मला लागत नाही.
नवीन वर्षाचे संकल्प: व्होडका बंद. घरात नळ. अगाफ्याशी गोड बोलणे.

२९ डिसेंबर, संध्याकाळ.
गाडी बंद पडली. म्हणजे मी बंद केली.
आत बसून सीट पुसत होतो, तेवढ्यात अगाफ्याचा फोन. इंजिनच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून किल्ली फिरवली. नातू शिंकायच्या आधी माझ्यासारखाच आ वासतो म्हणे. कितीतरी वेळ बोलली. इतकं तर इथे असताना वर्षभरात बोलली नव्हती. फोन ठेवल्यावरही मी तसाच बसून राहिलो. पाय बधिर झाले तेव्हा लक्षात आलं. तोवर तेलाचा डिंक झाला होता.
तीस वर्षं ड्रायव्हरकी केली. आमच्याकडे शाळकरी पोरही हे करणार नाही. दोष फोनचा. आवाज फार बारीक येतो.

३० डिसेंबर.
ब्लो लँपच्या ज्योतीनं इंजिनला खालून ऊब दिली. इंजिन गार, वायरी जळल्या.
निकोन टॅक्सी घेऊन शहराला निघाला होता. म्हणाला, सीट रिकामी आहे, चल. बायकोला आणायला दुसऱ्याच्या गाडीत? मी काय पार्सल आहे? नाही म्हटलं.

१ जानेवारी.
डोकं दुखतंय. एकतीसच्या रात्री बाराचे ठोके पडायला लागले की इच्छा कागदावर लिहायची, कागद जाळून राख शॅम्पेनमध्ये टाकायची आणि बाराव्या ठोक्याआत पिऊन टाकायची. माझी इच्छा दोन्ही बाजूंनी लिहिलेली. अर्धीच जळली, बाकीची चावून गिळली. शॅम्पेन दरवर्षी अगाफ्या आणते, त्यामुळे व्होडका. रीत म्हणून घेतलेली धरायची नसते.
अगाफ्याला काल फोनवर सांगितलं, धुक्यानं रस्ता बंद आहे. ती म्हणाली, निकोन तर आत्ताच दारात पॅसेंजर सोडून गेला. मी म्हणालो, निकोन बेफिकीर माणूस आहे.

१४ जानेवारी. उणे चोपन्न. जुनं नववर्ष.
आजोबांच्या काळच्या जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे वर्ष आज लागतं. म्हणजे आधीचं काही मोडलं असं म्हणता येत नाही. संकल्प आजपासून.
निकोननं पुन्हा सीट देऊ केली. पुन्हा नाही म्हटलं. आता इतक्या दिवसांनी टॅक्सीतून उतरलो तर ती हसेल.
पाण्यासाठी नदीच्या बर्फाची लादी आत आणली. एकट्याला संपता संपत नाही. पलंगाच्या तिच्या बाजूला कपडे रचून ठेवलेत, मोकळी दिसू नये म्हणून. आठवण येते. फार येते. थंडीनं असेल.

११ फेब्रुवारी.
निकोन शहरातून आला. अगाफ्यानं शिवणाचं मशीन मागवलंय. तिथल्या बालवाडीत कामाला लागली म्हणे. तात्पुरतं असणार. गाडी बिघडलीय हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. निकोननं सांगून टाकलं.
मशीनला तेल घातलं, सुयांची डबी बांधून दिली. मी विचारलं, काही निरोप? निकोन बराच वेळ दोरीच आवळत राहिला. मग म्हणाला, “ती म्हणाली, गाडीची वाट कोण बघत होतं? तुझ्या टॅक्सीतून आला असता तरी मी उठून आले असते.”
‘आले असते’ म्हणाली. ‘येईन’ नाही.
मशीन टॅक्सीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवायला सांगितलं. वाटेत दणके बसतात.

९ मार्च. उणे अठरा.
निकोननं वायरी बदलून दिल्या. गाडी पहिल्या किल्लीला सुरू. मी म्हटलंच होतं, इंजिनात दोष नाही.
काल महिला दिन. फोन केला. कामात होती, मागून पोरांचा गलका. संध्याकाळी करते म्हणाली. विसरली असेल.
तसं पाहिलं तर आम्हा साखा लोकांचं खरं नववर्ष जूनमध्ये, कुरणात गवत आलं की. तेव्हा जाईन. संकल्पही तेव्हाच.
दुपारपासून गाडीतच बसलोय. घरापेक्षा इथे बरं वाटतं, काहीतरी आवाज असतो. फोन मांडीवर ठेवलाय. वाजला की इंजिन बंद करीन, म्हणजे नीट ऐकू येईल.
अजून चालू आहे.