घरातले दोनच कान

१२ जानेवारी
घरमालकाला आजच यायचं होतं! सव्वासहाला शुक्र चंद्राआड जाणार होता. मी सहापासून दुकानाच्या पायरीवर उभी. चंद्राची कोर, तिच्या अगदी कडेला शुक्र, मध्ये जेमतेम फट. आणि नेमका तेव्हा नाकाड्या हजर! (हे नाव बाबांनी ठेवलंय. हाताने लांब नाक काढलं की घरमालक. आमच्याकडे सगळ्यांची नावं अशी हाताचीच.) पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलंय म्हणून वीस मिनिटं तोंडाचा पट्टा. त्याचं मी बाबांना हातांनी सांगायचं, बाबांचं त्याला तोंडाने. बाबा म्हणाले, विचार त्याला, फोडलं कोणी? तो म्हणाला, "असेल कोणीतरी, सांग तुझ्या बाबांना." असेल कोणीतरी हे हातांनी कसं सांगायचं!
बाहेर आले तेव्हा चंद्र एकटाच होता. आमच्याकडून पुन्हा असं दिसेल तेव्हा मी बावीस वर्षांची असेन. खूप रडू आलं. नाकाड्याला काय त्याचं?

१३ जानेवारी
भिंतीला कान असतात म्हणे. आमच्या घरात भिंतीला असतील ते, आणि माझे दोन. बस्स.

१७ जानेवारी
आज एका नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, "दोघांनाही ऐकू येत नाही?" हो, दोघांनाही. हो, जन्मापासून. नाही, मला येतं. आठवड्यातून चारदा तरी हे सांगावं लागतं, पाटीच रंगवून लावावी. "बिचारी!" म्हणून ती बाई माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. मला असा राग आला!
खरं तर बाबांना माझी गरज नसते. म्हणजे मशीनपाशी नसते. शिलाई मशीन चालवून वर तळहात ठेवला की कुठे काय बिघडलंय ते त्यांना कळतं. ऐकू येणाऱ्या मेकॅनिकला जे सापडत नाही ते बाबांच्या हाताला सापडतं. पण फोन वाजतो, गिऱ्हाईक भांडतं, डॉक्टर विचारतात, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात — की मी!
रात्री जेवताना मी सांगितलं, वर अवकाशात हवा नाही, म्हणून आवाजही नाही. बाबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, मग तिथे सगळे आपलेच लोक! आई इतकी हसली की तिला ठसका लागला.
विज्ञानाच्या बाईंनी परीक्षेला माझं नाव घातलंय. वेधशाळेची शाळा, पाच वर्षं तिथेच राहायचं. रोज रात्री मोठ्या दुर्बिणीतून बघायचं! घरापासून दोन दिवसांचा प्रवास. मला जायचंय. मला फार, फार जायचंय.

१९ जानेवारी
परीक्षा झाली. ग्रहणांवरचे सगळे प्रश्न आले. शेवटचा तर इतका मस्त होता की वेळ संपल्यावरही पेन सोडवेना. उड्या मारतच घरी आले.
आई ओट्याशी, छाती धरून खोकत होती. दवाखान्यात गेली होती, एकटी. मी नव्हते ना. चार तास बाकावर बसली. नंबर पुकारला असणार — एकदा, दोनदा, काय माहीत! हिला कसं कळणार? दवाखाना बंद करायला आलेल्या माणसाने खांदा हलवून उठवलं. औषध नाही, काही नाही. वर मलाच हसून सांगते, बाक छान होता, पाठ टेकायला होती.
मी चुलीत घालू का ती ग्रहणं?

२० जानेवारी
आईला घेऊन गेले. पाच मिनिटांत नंबर लागला.

२८ जानेवारी
निवड झाली! एकतीस मुलांत मी! बाबांनी दुकानातली तिन्ही मशीन एकदम चालू केली आणि माझा हात धरून त्यांच्यावर ठेवला. सगळं टेबल थरथरत होतं. ही त्यांची वाजंत्री.
पण पालकांची सही लागते. बाई म्हणाल्या, "मी येऊन बोलते बाबांशी. त्यांच्याकडून कळल्याशिवाय मी फॉर्म भरणार नाही." आठ तारीख शेवटची.
बाबांशी बोलते म्हणजे माझ्यामार्फतच की!

१ फेब्रुवारी
लिहू नये असं वाटतंय. पण आणखी कुणाला सांगू?
बाई आल्या. बाबांनी स्टूल पुसून दिलं. बाई म्हणाल्या, "पाच वर्षं तिकडे राहील, सुट्टीत येईल. पाठवाल का, विचार." मी बाबांना नीट सांगितलं. एक शब्दही बदलला नाही. बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. विचारलं, पोटभर जेवायला देतात का? देतात. थंडी असते का? असते. मग आईकडे बघितलं. आईने मान हलवली. बाबा म्हणाले, सांग बाईंना, पाठवतो.
आणि मी बाईंना म्हणाले, "बाबा नाही म्हणतात."
तोंडातून निघूनच गेलं! आई बाकावर बसलेलीच दिसत होती मला. बाईंनी पिशवीतून अर्धा काढलेला फॉर्म परत आत सरकवला. "समजव ना त्यांना," म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही ऐकणार." ऐकणार नाहीत! हे मी कुणाबद्दल बोलले!
बाई गेल्यावर बाबांनी विचारलं, बाई खूश का नव्हत्या? मी म्हटलं, त्या अशाच असतात. जागा भरल्यात म्हणे, कळवतील.

२ फेब्रुवारी
आज बाबांच्या हातांकडे बघवत नाही.

५ फेब्रुवारी
दिवसभर फोन. दोरा तुटतो, सुई मोडते, मशीन कधी मिळणार, बाबांना सांग, बाबांना विचार. एकदा मीच रिसीव्हर काढून ठेवला आणि डोळे मिटून बसले. मलाही ऐकू आलं नसतं तर? तर घरात कुणीच कुणावर अवलंबून नसतं. किंवा सगळेच बुडालो असतो. इकडे आड, तिकडे विहीर.
शाळेत बाई माझ्याशी गोड बोलतात. बाबांना वाईट समजतात. हे सगळ्यांत वाईट. माझ्या बाबांना!
खरं सांगावं? सांगितलं तर जावं लागेल. आईचा नंबर मग कोण ऐकणार? गप्प बसले तर जन्मभर या स्टुलावर. सांगवतही नाही, राहवतही नाही.

८ फेब्रुवारी
शेवटची तारीख. ऑफिस पाचला बंद होतं. मी दुकानात बसून बॉबिनी भरल्या. पाच वाजले. सव्वापाच. झालं, सुटले एकदाची.
सुटले कुठली!

९ फेब्रुवारी
बाईंनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. फॉर्म परवाच गेलाय. बाबांच्या सहीने! आई-बाबा दुकान बंद करून शाळेत आले होते, बाईंसमोर बसले आणि सही कुठे करायची ते बोटाने विचारलं.
घरी येऊन बाबांना विचारलं, कळलं कसं तुम्हाला? त्यांनी माझ्या ओठांकडे बोट दाखवलं. मग हातांनी सावकाश म्हणाले, 'नाही' हा शब्द मला कुणाच्याही ओठांवर ओळखू येतो. जन्मभर तोच बघत आलोय.