पोटावरची घडी

२९ ऑगस्ट
घडीखाली पुन्हा लाल. डावीकडे जास्त. पुसून, वाळवून मलमलची पट्टी ठेवली. पावडर नाही. मागच्या वेळी डॉ. रागावले होते, गोळे होतात म्हणून. दिल्लीचा दमट उकाडा, ऑफिसपर्यंत पोचेतो पट्टी भिजली. बाथरूममध्ये बदलताना वास आला. बाहेर दहिया मॅडम हात धूत होत्या. त्या जाईपर्यंत आतच उभी राहिले.
जेवताना त्याच म्हणतात, "आप तो आधी रह गयीं! हमें भी वो डाएट बता दो यार."
हसले.

३ सप्टेंबर
सकाळी तळ्याभोवती चालून आले. वेग वाढवला की पोट मांड्यांवर आपटतं, आवाज येतो. कमरेला ओढणी घट्ट बांधते, वरून सैल कुडता. तरी मागून कोणी आलं की बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ देते.
सुधीर गेला तेव्हा मी एकशे सोळा किलो होते. नंतर महिन्याभरातच ऑफिसात चक्कर आली. डॉक्टरांनी बी.पी. पाहिलं आणि विचारलं, "घर में और कौन है?" म्हटलं, नवरा नुकताच गेला, आता फक्त मुलगी, रेवा, चौदा वर्षांची. त्यांनी माझं मनगट धरून पुन्हा नाडी मोजली. दुसऱ्या दिवसापासून चालायला लागले. आता अडुसष्ट. बी.पी. ठीक, शुगर ठीक. कातडी मात्र तेव्हाचीच आहे. सुधीर जिला ओळखत होता तिच्या मापाची.

११ सप्टेंबर
आठवडाभर लिहिलं नाही. त्यातले तीन दिवस हॉस्पिटल. हुडहुडी भरून ताप, लाली पोटावरून जांघेत उतरलेली. रेवाने कॅब बोलावली, शेजारच्या भाटियांना उठवलं, सगळं तिनेच. सलाईनमधून औषध. या वर्षातली दुसरी वेळ.
सर्जनबाई आल्या. "ये फोल्ड निकलवा दीजिए. हर बार टाइम पर पकड़ में आ जाए, ज़रूरी नहीं. इन्फेक्शन खून में चला गया तो..." रेवा उभी होती म्हणून वाक्य तिथंच सोडलं. मग म्हणाल्या, "सर्दियों में करवा लीजिए. पसीना नहीं आता, घाव अच्छा भरता है."
विचार करते म्हटलं. सुधीरचं सांगितलंच नाही.

१२ सप्टेंबर
घरी. रेवाने मोबाईलवर सगळं वाचून काढलंय. कुठून कापतात, कुठे शिवतात, पट्टा किती महिने. "बिल्कुल सेफ आहे आई. हजारो लोक करतात. तू उगाच टेंशन घेते यार."
तिला आठवत नाही असं कसं होईल.
पित्ताशयाचं ऑपरेशन. छोटंच म्हणाले होते. सुधीर आत जाताना मला म्हणाला, चहा पिऊन ये, तोंड सुकलंय तुझं. मी गेले चहाला. दुपारी डॉक्टर बाहेर आले ते मास्क काढून हातात घेऊन. भूल सहन झाली नाही, हृदय... पुढचं इंग्रजीतलं मला तेव्हाही कळलं नाही.
ऑपरेशन करून घेतलं तर ते टेबल. नाही घेतलं तर पुढचा ताप. दोन्ही वाटांनी शेवटी रेवाच एकटी उरते. फिरून फिरून तिथंच येते.

२० सप्टेंबर
आज काही नाही. पट्टी दोनदा बदलली. पंख्याखाली बसले.

२ ऑक्टोबर
सासूबाई कराडहून आल्या, नवरात्रासाठी. सुधीर गेल्यापासून पहिल्यांदाच. स्टेशनवर मला ओळखलंच नाही. रेवाला धरून विचारतात, "आई कुठाय गं तुझी?" मी समोर उभी.

५ ऑक्टोबर
जे लपवत होते ते उघडं पडलं. बाथरूमची कडी नीट बसत नाही. सा.बा. गरम पाण्याची बादली घेऊन थेट आत. मी टॉवेल ओढला, पुरला नाही.
"अगं बाई."
मला वाटलं जातील. बादली ठेवून स्टुलावर बसल्या. "हात काढ. बघू दे."
काढला. भाजी निवडताना बघतात तसं बघितलं, घडी उचलून खालचं लाल बघितलं. सुधीरनंतर डॉक्टर सोडून कोणाचा हात... मला रडू येईल असं वाटलं होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "लठ्ठ झालं की लोक म्हणतात पोट सुटलं. तुझं तर खरंच सुटलं की गं!"
दोघी हसलो. किती दिवसांनी. बाहेरून रेवा, "क्या हुआ? आजी, पडली का तू?"
दुपारी त्यांनी आपली जुनी सुती साडी फाडून पट्ट्या केल्या. "ही मलमल टोचत असेल. इतकी वर्षं धुतलेली आहे ही, मऊ." खरंच मऊ आहे.

८ ऑक्टोबर
सर्जनबाईंचा फोन. डिसेंबरचा पहिला आठवडा चालेल का. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सा.बा.ना सांगितलं. त्यांनी मेथीची जुडी पुढे ओढली आणि देठं खुडायला लागल्या. म्हणाल्या, "माझा पोरगा तिथूनच गेला." हे मला माहीत नाही का? पण त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

११ ऑक्टोबर, अष्टमी
सगळं लिहून ठेवते, नाहीतर नंतर खरं वाटणार नाही.
रेवा सकाळी कोचिंगला गेली. मी घरी. अकराच्या सुमारास सा.बा. म्हणाल्या, साडी नेस, पाटावर बैस. बघते तर खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. कराडहूनच आणलेलं. माझी ओटी भरायला.
मी उठायलाच लागले. "आई, हे काय? माझी कशी भरता? सुधीर नाही आता."
"गप्प बैस. तूही तशीच, मीही तशीच. देवी काय हजेरीपट घेऊन बसलीय? ते कापणार कुठं? ओटीपोटावरच ना? मग कापायच्या आधी मी भरणार. माझी नात नऊ महिने राहिली तिथं, ते काय फुकट?"
पदर पसरला. त्यांनी तांदळाची ओंजळ उचलली आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं.
रेवा. चेहरा पांढराफटक, बॅग एका खांद्यावर लोंबतेय, धाप. शूज घालूनच आत. माझा दंड धरला.
"आज नाही जायचं! बघते मी कोण घेऊन जातं ते."
सा.बा. ओंजळ तशीच धरून. "कोण नेतंय तिला? कुठं?"
"तूच म्हणालीस ना सकाळी! आज अष्टमी, आईची ओटी आहे, लवकर ये, तिला सांगू नको, ती नाही म्हणेल! बिना बताए? तिला न सांगता?"
"अगं ओटी! ओटी!"
"हां तो, ओ.टी.! ऑपरेशन थिएटर!"
मग सा.बा. अशा हसायला लागल्या की ठसका लागला, तांदूळ सगळे पाटावर. "दिल्लीत वाढून पोरीचं मराठी बघ! देवा! ओटी म्हणजे हिला..." मलाही हसू आलं.
रेवाला नाही आलं. ती भिंतीला टेकून खाली बसली, गुडघे जवळ घेऊन.
"बाबाच्या वेळी पण मला कोणी नव्हतं सांगितलं. शाळेतून डायरेक्ट नेलं. पूरे रास्ते अंकल बोल रहे थे, सब ठीक है बेटा."
सा.बा. थांबल्या.
म्हणजे हे महिनाभर "बिल्कुल सेफ, बिल्कुल सेफ" चाललं होतं ते... कोचिंगपासून ती मेट्रोसाठीही थांबली नव्हती. ऑटो मिळेपर्यंत पुलावरून पळत आली होती.
सा.बा.नी तांदूळ गोळा केले, तिची मूठ उघडून त्यात घातले. "ऊठ. तूच भर."
"मला नाही येत."
"येतं. आईच्या पदरात टाक. झालं."
तिने टाकले. निम्मे खाली सांडले. रात्री पट्टी बदलताना घडीत दोन दाणे सापडले.

१२ ऑक्टोबर
दसरा. रेवा चहाचा कप धरून माझ्या खोलीत. "नको करू तू ऑपरेशन. मी तुझी पट्टी बदलेन, रोज. कॉलेज पण इथेच बघते, पुणे-विणे काही नाही. चलेगा."
पुण्याच्या कॉलेजचं नाव तिने कपाटाच्या दारावर आतून चिकटवलंय, मला दिसत नाही असं तिला वाटतं.
ऑपरेशनची भीती होतीच. आता ही एक.

४ नोव्हेंबर
भाऊबीज झाली, सा.बा. गेल्या. हवा भयंकर, नुसता धूर. चालणं बंद, घरातच येरझाऱ्या. रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू. रक्त वाढेपर्यंत ऑपरेशन नाही असं म्हणाले आणि मला सुटल्यासारखं झालं. मग त्याचीच लाज.

१५ नोव्हेंबर
थंडी सुरू झाली तरी घडीखाली लाल. यावेळी घाम नव्हता, काही नव्हतं. कणकण वाटते. थर्मामीटर उशीखाली ठेवलाय. रेवा विचारते, "दाखव ना पोट." ठीक आहे म्हणून सांगते. तिने कधी बघितलेलं नाही. तिने बघावं असं मला वाटत नाही.

१७ नोव्हेंबर
लाली उतरली. ताप आला नाही. पण दोन रात्री मी रेवाच्या श्वासाकडे कान लावून जागी होते, जणू आजारी ती आहे.

२१ नोव्हेंबर
भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटले. तरुण मुलगी, दक्षिणेकडची असावी. विचारलं, जागं ठेवून नाही का करता येणार? "इतना बड़ा एरिया है मैम, सुलाना पड़ेगा." मग सुधीरचं सांगितलं. सगळं, पहिल्यांदाच एका दमात. तिने पेन खाली ठेवलं. बरेच प्रश्न विचारले, त्याला काय आजार होते, माझ्या घरात कोणाला भूल बाधली का. शेवटी मी म्हटलं, मला काही होणार नाही ना?
"ज़ीरो रिस्क मैं नहीं बोलूँगी."
बाहेर येऊन बाकावर बसले. भीती तेवढीच. पण ही मुलगी खोटं बोलली नाही, हे धरून बसले.

२७ नोव्हेंबर
रक्त वाढलं. तारीख ५ डिसेंबर. यावेळी मी हो म्हटलं.
संध्याकाळी रेवाला बसवून सांगितलं. तारीख, वार, कितव्या मजल्यावर, कोण डॉक्टर, काय काय होऊ शकतं तेही. शाळेतून कोणी न्यायला येणार नाही, तू पहिल्यापासून तिथंच असशील, हेही.
"और मैंने मना किया तो?"
म्हटलं, ऐकेन तुझं. पण त्यासाठी तू पुणं सोडायचं नाही.
उठून गेली. जेवली नाही. तिच्या कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा बराच वेळ नाही.

३ डिसेंबर
सा.बा. परत आल्या. रेवा माझ्याशी कामापुरतं बोलते. आजीशी खुसफुस. मी गेले की थांबतात. सा.बा.ना विचारलं, काय म्हणते? "काही नाही. भूल म्हणजे झोपेत स्वप्न पडतं का, असं विचारत होती. मला काय ठाऊक?"
मला रात्रभर तेच.

५ डिसेंबर, हॉस्पिटल
सकाळ. आमच्या आधीची केस लांबली आहे, म्हणून लिहिते. सा.बा. खाली चहाला गेल्यात. मी पाठवलं नाही, त्याच गेल्या.
मघाशी सर्जनबाई खुणा करायला आल्या. उभं राहूनच करतात, झोपलं की कातडी पसरते. रेवाला म्हटलं, बाहेर थांब. "नाही." भिंतीशी उभी राहिली. गाऊन वर केला. बाई जांभळ्या पेनने रेघा काढायला लागल्या, पण घडी हातातून निसटत होती. सिस्टर दुसरीकडे गेलेली. बाई म्हणाल्या, "बेटा, ज़रा ऐसे उठा के पकड़ोगी?"
मी नको म्हणेपर्यंत रेवा पुढे आली. दोन्ही हातांनी घडी उचलून धरली. मी छताकडे बघत होते. तिचा चेहरा बघायचं धाडस झालं नाही. रेघ एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत गेली. बाई "थँक यू बेटा" म्हणून निघूनही गेल्या.
मी पलंगावर बसले. रेवा शेजारी. गाऊनवरून हात पोटावर तसाच.
"आई."
"हं."
"हे किती सॉफ्ट आहे यार. तू कधी सांगितलंच नाहीस."
तिला म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही, तू नको म्हणालीस तर उठून घरी जाऊ. खरंच जाईन. पाय तयार आहेत.
ती विचार करतेय.
सिस्टर दारात आली आहे. "चलें मैडम?"
रेवाने हात काढलेला नाही. मीही काढ म्हटलेलं नाही. सिस्टर पुन्हा विचारते आहे. रेवा म्हणते, "चल आई, मी दारापर्यंत येते. वही दे इकडे."