बैलाचा डोळा

अकोला, बुधवार, १९६४. पोळा आठ दिवसांवर.

डोक्याचा पार भुगा झाला आज. वलगावच्या नामदेवभाऊंचा बैल सरदार उन्हाळ्यात मेला. त्याचं चित्र लोखंडी पत्र्यातून कापून फाटकावर लावायचं आहे. शिंगं, वशिंड, शेपटी, सगळं गॅसच्या ज्योतीनं झकास निघालं. डोळा मात्र निघेना! चिंचोक्याएवढं भोक हवं, तर पत्रा वितळून पडतं लिंबाएवढं. दोन पत्रे वाया. माझाच हात वाईट, की ज्योतच आंधळी? शेवटी तिसऱ्या पत्र्यावर डोळ्याचं भोक ड्रिलनं पाडलं, कानशीनं तासभर घासलं. काय सुबक डोळा झाला!

संध्याकाळी नामदेवभाऊ आले. माझ्या चांगल्या बैलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भंगारातला एक बटबटीत डोळ्याचा उचलला.

"भाऊ, थो बिघडेल हाये!" मी ओरडलोच.

"मले हाच पाहिजे," ते म्हणाले. "मरतानी माह्याकडं असाच पाहून रायला होता."

आता राग तरी कोणावर काढू? गुमान बांधून दिला.

सुबक डोळ्याचा बैल भिंतीला टेकून उभा आहे. सकाळी जीव लावून घासलेला तो डोळा आता मलाच मेलेला दिसतो.